डावीकडच्या भिंतीजवळची जागा

माझ्या मावशीचे यजमान चष्मेवाले होते. स्वतःचं दुकान, पुढे आरशांची भिंत, मागे पडद्याआड भिंगं घासायचं मशीन. पुढे काका गिऱ्हाइकांचे डोळे तपासायचे आणि मागे मावशी भिंगं घासायची. दिवसभर चाकाजवळ बसून तिच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. दुकानात येणाऱ्या निम्म्या लोकांना ती तिथे असते हे माहीतसुद्धा नव्हतं.

काकांचा शौक एकच, सिनेमा. नवा सिनेमा लागला की नात्यातली, गल्लीतली माणसं त्यांना विचारायची, कुठे बघू? काकांना ते फार आवडायचं. चष्मा कपाळावर चढवून ते सांगायचे, "बाजारातल्या थिएटरात जाऊ नका. तिथला दिवा म्हातारा झालाय, नायिका कावीळ झाल्यासारखी दिसते. पुलापलीकडे जा. पण बाल्कनीत नको, खाली बसा. आणि पहिल्या आठवड्यात तर मुळीच नको. पहिल्या आठवड्यात सिनेमा बघायला डोळे येत नाहीत, नुसती तोंडं येतात."

ते स्वतः दुसऱ्या आठवड्यात जायचे. दुपारचा खेळ, हॉलच्या मध्यापेक्षा थोडं मागे, रांगेच्या बरोब्बर मधोमध. एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला त्यांची लेक, म्हणजे माझी ताई. खाणं नाही, बोलणं नाही, उठणं नाही. कुणी मागे कुजबुजलं की काका वळून असं बघायचे की तो माणूस मध्यंतरानंतर दुसरीकडे जाऊन बसायचा.

घरी आल्यावर परीक्षा. ताईला ते लाडाने विचारायचे आणि तिचं चुकलं तर समजावून सांगायचे. मावशीची पाळी आली की आवाज बदलायचा. "शेवटी त्याने ते पाकीट उघडून का पाहिलं नाही? सांग." मावशी म्हणायची, "पाकीट? कुठलं पाकीट?" मग काका पाहुण्यांकडे बघून म्हणायचे, "बघा. दोन डोळे हिला शोभेला दिलेत." पाहुणे हसायचे. मीही त्या बैठकीत लहानपणी बसलेली आहे. मावशी पण हसायची, आणि उठून पाण्याचे पेले गोळा करायची.

तिला पाकीट दिसलंच नव्हतं. तिची लांबची नजर कधीच अधू झाली होती. जवळचं, मशीनवरचं काम ती डोळे मिटून करेल इतकं सवयीचं होतं, पण पडदा म्हणजे तिच्यासाठी हलणारे रंग. कोण बोलतंय ते ती आवाजावरून ओळखायची. आपल्याला कमी दिसतं हे तिलाही बरीच वर्षं कळलं नव्हतं. तिला वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं आणि आपण मठ्ठ आहोत. मग एक दिवस एका गिऱ्हाइकाचा तयार चष्मा पुसताना तिने सहज डोळ्यांना लावला आणि रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानाची पाटी तिला वाचता आली. ती तशीच बाहेर आली.

"अहो, मला लांबचं दिसत नाहीये. हा लावला तर दिसतंय."

काकांनी तो चष्मा तिच्या नाकावरून काढून घेतला. "लोकांचा माल आहे तो. हाताला तेल केवढं लागलंय बघ."

"माझा नंबर काढा ना."

त्यांनी काढला. गिऱ्हाईक बसलेलं असतानाच तिला खुर्चीत बसवलं. वरून तिसऱ्या ओळीला ती अडखळली तेव्हा ते गिऱ्हाइकाला डोळा मारून म्हणाले, "मोठ्या अक्षरांशीच हिचं जमतं." मग दिवा बंद केला. "काही गरज नाही. चष्मा लावलास तर शाळेतली हेडबाई दिसशील. मला घरात हेडबाई नकोय. आणि लांबचं बघून तुला करायचंय काय? मी आहे ना बघायला."

"निदान सिनेमाला पुढे तरी बसू या."

"पुढे शिट्ट्या मारणारे बसतात."

विषय संपला. शहरातले बाकीचे चष्मेवाले सगळे काकांच्या ओळखीचे. कुणाच्याही दुकानाची पायरी ती चढली असती तर संध्याकाळच्या आत काकांना कळलं असतं. ती गेली नाही. दुसऱ्यांसाठी हजारो भिंगं घासत राहिली आणि दर नव्या सिनेमाला मधल्या जागेवर बसून धुकं बघत राहिली. घरी आल्यावर परीक्षा चालूच.

काका म्हातारे झाले तेव्हा जुनी थिएटरं एकेक करून बंद पडली होती आणि मॉलमध्ये मल्टिप्लेक्स आलं होतं. त्यांनी तिथल्याही सगळ्या पडद्यांची पाहणी करून कुठला चांगला, कुठला टाकाऊ ते ठरवून टाकलं. आणि मग एका सकाळी, एका बाईचे डोळे तपासताना, "आता हे की ते?" असं विचारता विचारता ते स्टुलावरून खाली घसरले.

जीव वाचला. उजवा हात, उजवा पाय गेला. बोलणंही गेलं. एकच शब्द उरला, "बरं." पाणी हवं असलं तरी बरं, नको असलं तरी बरं. चिडले की बरं, रडू आलं की बरं. डॉक्टरांनी ताईला आणि मावशीला समोर बसवून आणखी एक गोष्ट सांगितली. डोळे चांगले आहेत, पण मेंदूच्या ज्या भागाला मार बसला त्यामुळे दोन्ही डोळ्यांना उजव्या बाजूचं काही दिसणार नाही. ताटातलं डाव्या बाजूचं खातील, उजवीकडचं तसंच राहील. त्यांच्याशी बोलायचं तर डावीकडे उभं राहा.

मावशीने नीट ऐकलं. ताटाचं तिने पहिल्या दिवसापासून सांभाळलं. अर्धं जेवण झालं की ताट फिरवून द्यायची.

दुकान विकलं गेलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत मावशी एकटी मॉलमधल्या मोठ्या चष्म्याच्या दुकानात गेली. तिथल्या पोरसवदा मुलीने नंबर काढला आणि म्हणाली, "आजी, इतकी वर्षं तुम्ही वावरलात कशा?" मावशी म्हणाली, "धरून धरून." नवा चष्मा लावून ती मॉलच्या जिन्यावरून खाली आली तेव्हा समोरच्या माणसांच्या चेहऱ्यांवरचे वांग, व्रण, सगळं दिसत होतं. घरी आली आणि काकांच्या पलंगासमोर खुर्ची ओढून बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसली. ते म्हणाले, "बरं."

"हेडबाई दिसते का?" तिने विचारलं.

"बरं."

पुढच्या शुक्रवारी ती त्यांना सिनेमाला घेऊन गेली.

सगळ्यांना कोण कौतुक वाटलं! नवऱ्याचा एवढा शौक, तो तिने सुटू दिला नाही. चाकाची खुर्ची, टॅक्सी, लिफ्ट, एवढी यातायात करून बाई दर आठवड्याला नेते. शेजारणी आपापल्या सुनांना तिचं उदाहरण द्यायच्या. सिनेमा ती निवडायची. जायचं ते पहिल्याच दिवशी, गर्दीत. राक्षसांचे, मारामारीचे, परक्या भाषेतून ओढूनताणून आणलेले, ज्यात ओठ एक म्हणतात आणि आवाज दुसरं. थ्रीडी असला तर तो काळा चष्मा काकांच्या चष्म्यावर चढवायची. डाव्या हाताने ते काढायला जायचे, तर ती शेजारच्या प्रेक्षकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, "असू दे हो, मजा येते."

चाकाच्या खुर्चीसाठी तिथे सगळ्यात पुढच्या रांगेत दोन जागा होत्या. एक उजवीकडच्या भिंतीजवळ, एक डावीकडच्या. पहिल्याच वेळी तिथला डोअरकीपर म्हणाला, "आजी, आम्ही दोघं मिळून आजोबांना उचलून मधल्या रांगेत बसवतो. इथून मान दुखेल."

"नको रे बाबा, त्यांना पुढेच आवडतं. हो ना हो?"

"बरं," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. डोअरकीपरलाही भरून आलं.

ती त्यांना डावीकडच्या भिंतीला लावायची. तिथून सगळाच्या सगळा पडदा उजव्या हाताला येतो. त्यांच्या वाट्याला भिंत, भिंतीवरचा बाहेर जायचा हिरवा दिवा आणि डोक्यावरचा स्पीकर. मान पूर्ण वळवली असती तर थोडंफार दिसलं असतं, पण मानेला लावायला तिने एक उशी आणलेली असायची आणि ती अशी घट्ट खोचायची की मान वळूच नये. लोक म्हणायचे, काय काळजी घेते! मग ती स्वतः वर जायची, मध्यापेक्षा थोडं मागे, रांगेच्या मधोमध. मांडीवर लाह्यांचा मोठा डबा.

घरी आल्यावर, त्यांचे कपडे बदलताना, ती विचारायची, "मग? तो शेवटी पुलावरून का गेला नाही? सांगा की."

"बरं."

"अहो, पुलावरून. दिसलं नाही का?"

असं वर्षभर चाललं. त्यांना रडू यायचं ते आनंदाने येतं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

ताई तेव्हा दुसऱ्या गावी नोकरीला होती. ती रजेवर आली आणि म्हणाली, या वेळी मी पण येते. हॉलमध्ये आईने बाबांची खुर्ची नेमकी कुठे लावली हे तिने पाहिलं. पहिल्यांदा वाटलं, चुकून असेल. उजवीकडची जागा मोकळी होती. तिने खुर्ची ढकलायला हात घातला तर मावशीने तिचा हात धरला.

"राहू दे. त्यांची सवयीची जागा आहे ती."

घरी आल्यावर ताईने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

"आई, बाबांना उजवीकडचं दिसत नाही. डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलंय."

"माहीत आहे मला."

"तिथून त्यांना काही म्हणजे काही दिसत नाही."

"तेही माहीत आहे."

"मग नेतेस कशाला?"

मावशी भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "तुला आठवतं, मला पाकीट दिसलं नव्हतं तेव्हा तू किती हसली होतीस?"

"मी लहान होते, आई!"

"तुला कोण काय म्हणतंय? मी आपली आठवण काढली."

ताईने रजा वाढवली आणि पुढच्या शुक्रवारी बाबांना एकटीने नेलं. उशी घरी ठेवली. दोन माणसांच्या मदतीने त्यांना उचलून उजव्या कडेला, बऱ्यापैकी मागच्या रांगेत बसवलं. दिवे गेले. पडदा उजळला आणि वर्षभरानंतर काकांना सिनेमा दिसला. ते "बरं" म्हणाले. मग पुन्हा म्हणाले. मग मोठ्याने, रडत, हसत, बरं बरं बरं बरं, थांबेचनात. ताई कानाशी लागून म्हणाली, "बाबा, हळू." पुढच्या रांगेतला माणूस वळला. "ओ, घरी घेऊन जा ना त्यांना. आम्ही तिकिटं काढून आलोय." मागून कुणीतरी त्यांच्या आवाजाची नक्कल केली आणि सगळी रांग हसली. काकांना ते कळलं. त्यांनी डाव्या हाताने स्वतःचं तोंड दाबून धरलं, पण बोटांमधून शब्द येतच राहिला. मध्यंतराच्या आधीच मॅनेजर बॅटरी घेऊन आला आणि फार नम्रपणे म्हणाला, ताई, तक्रारी येताहेत.

त्यानंतर ताईने पुन्हा त्यांना नेलं नाही. एका शुक्रवारी डोकं दुखत होतं, दुसऱ्या शुक्रवारी बँकेचं काम निघालं, आणि मग रजाच संपली. जाताना ती दारात थांबून म्हणाली, "आई, नेलंस तर उजवीकडे बसव. एवढं ऐक." मावशी म्हणाली, "बरं."

पुढच्या वेळी मावशी खुर्ची घेऊन पलंगाजवळ आली तेव्हा काकांनी डाव्या हाताने पलंगाची कड घट्ट धरली. मी त्या दिवशी मदतीला गेले होते. मावशीने त्यांची बोटं एकेक करून सोडवली. अजिबात चिडली नाही. लहान मुलाच्या मुठीतून एखादी वस्तू काढून घ्यावी तशी, समजूत घालत. "चला चला. सगळे वाट बघताहेत तुमची." मी म्हटलं, "मावशी, राहू दे आज." ती म्हणाली, "शौक आहे गं त्यांचा."

दीड-दोन वर्षं त्यांनी काढली. छातीत कफ झाला आणि घरीच गेले. मल्टिप्लेक्सचा मॅनेजर आणि डोअरकीपर दोघंही भेटायला आले, मोठा हार घेऊन. मॅनेजर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अशी सेवा आम्ही पाहिली नाही. आमच्या स्टाफला आम्ही आजींचं नाव सांगतो." मावशीने पदराने चष्मा पुसला. कोपऱ्यात बसलेली ताई उठून गॅलरीत गेली आणि ते लोक जाईपर्यंत आत आली नाही. पण बोलली काही नाही, त्यांनाही नाही आणि आईलाही नाही. आता त्या दोघी फोनवर औषधांचं आणि लाइटच्या बिलाचं बोलतात.

काका गेल्यापासून मावशी एकाही सिनेमाला गेलेली नाही. शेजारणी म्हणतात, जोडीदार गेला, आता कुणाबरोबर बघणार बिचारी. मला ते खरं वाटेना. इतक्या वर्षांनी नजर आली, मोकळीक आली, सिनेमा तर तिला लग्नाआधीपासून आवडायचा, असं माझी आई सांगते. म्हणून परवा मीच तिला म्हटलं, "चल, मी नेते. हवा तो सिनेमा, हवी ती जागा."

"नको."

"अगं, एवढे सिनेमे पाहिलेस काकांबरोबर. त्यातला कुठला आवडला ते सांग, तसलाच शोधू."

ती आठवायला लागली. मनापासून आठवत होती, कपाळाला आठ्या घालून.

"एकाचीही गोष्ट नाही सांगता येणार," ती म्हणाली. "मी पडद्याकडे कुठे बघायचे? वरच्या जागेवरून त्यांचं डोकं दिसायचं. उजेड बदलला की ते हलायचं, उशीतून बाहेर यायला बघायचं. ते बघण्यातच वेळ निघून जायचा."