ब्लँकेटवाटपाचा दुसरा टेक

“ह्यो बघ. ह्योच!” सोजरबाईंनी माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर बोट टेकवले. “डाव्या हातानं कोपरा मुडपतंय. दिसलं का?”

मी क्लिप थांबवली. तेरमधल्या त्यांच्या घराच्या ओसरीत आम्ही तिघे बसलो होतो: सोजरबाई, धाराशिवला एसटीत नोकरी करणारे त्यांचे चिरंजीव महादेवकाका आणि मी. पडद्यावर आपल्या युद्धकैद्यांची रांग होती. शत्रुपक्षाचा अधिकारी प्रत्येकाला ब्लँकेट देत होता. इतरांनी ते खांद्यावर घेतले. शेवटच्या माणसाने मात्र एक कोपरा आत मुडपून त्याची खोळ केली आणि डोक्यावरून ओढली. आमच्याकडचे मेंढपाळ पावसात घोंगडे असेच पांघरतात. त्याचा चेहरा खोळीत झाकला गेला होता.

सोजरबाईंचे डावखुरे यजमान, म्हणजे महादेवकाकांचे अण्णा, त्या युद्धात बेपत्ता झाले. महादेवकाका तेव्हा पाळण्यात होते. पुढे कैदी परतले. त्यांत ते नव्हते.

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले आणि आता पुण्याच्या एका लॅबमध्ये जुन्या फिल्म स्कॅन करून दुरुस्त करते. ही फिल्म म्हणजे शेजारी देशाने काढलेला प्रचारपट. ‘आम्ही कैद्यांना किती माणुसकीने वागवतो’ हे जगाला दाखवणे, हा तिचा त्या वेळचा हेतू. आता दोन्ही देशांच्या मैत्रीसाठी चित्रपट महोत्सव भरणार होता आणि तीच फिल्म भेट म्हणून आपल्याकडे आली होती. दृश्य तेच, फक्त त्याचे काम बदलले होते. वर्तमानपत्रात आलेला फिल्ममधला फोटो पाहून महादेवकाकांनी लॅबला फोन केला. आयोजक हरखले. उद्घाटनाला ही क्लिप दाखवायची आणि मग सोजरबाईंनी मंचावर येऊन आभार मानायचे, असे ठरले. माझे घर धाराशिवलाच, म्हणून संमती आणण्याचे काम माझ्याकडे आले. माझा हा पहिला मोठा प्रकल्प होता. तो यशस्वी व्हावा, असे मला मनापासून वाटत होते.

घरी येऊन मी तपासणीला बसले. फिल्म उलटी स्कॅन झाली तर उजवा हात डावा दिसतो, म्हणून आधी मागच्या ट्रकवरची अक्षरे पाहिली. ती सुलट होती. म्हणजे तो माणूस खरोखर डावखुरा होता. मग सावल्यांकडे लक्ष गेले. ब्लँकेटवाटप दोन बाजूंनी दाखवले होते, आधी समोरून, मग मागून. समोरच्या शॉटमध्ये सावल्या पायाशी होत्या. मागच्या शॉटमध्ये त्या लांब पसरल्या होत्या. माणसे तीच, रांगेतला क्रमही तोच. मधे काही तास गेले होते. याचा अर्थ, ब्लँकेटे एकदा वाटली, परत घेतली आणि कॅमेरा फिरवून पुन्हा वाटली.

मी सरांना, आमच्या लॅबच्या प्रमुखांना, फोन केला.

“सर, सीन रचलेला आहे.”

“प्रचारपट आहे तो. रचलेलाच असणार.”

“पण त्यावर सोजरबाई आभार मानणार आहेत. त्यांना हे सांगायला हवं.”

“तू फिल्म दुरुस्त करतेस. परराष्ट्र धोरण नाही.”

“न सांगता घेतली तर तिला संमती म्हणायचं का, सर?”

“सांग. पण महोत्सव बिघडला तर उत्तर तू द्यायचंस.”

दुसऱ्या दिवशी मी तेरला जाऊन सावल्यांचा हिशेब समजावला. महादेवकाका संतापले.

“म्हंजी नाटकच की सगळं! आन् आमी हार घालून उभं ऱ्हायचं?”

“तू गप रं,” सोजरबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “पोरी, एकदा दिऊन काडून घेतलं म्हंतीस. मग दुसऱ्यांदा दिल्यालं तरी ठिवलं का त्येच्याकडं? का शूटिंग झाल्यावर त्येबी काडून घेतलं?”

तो प्रश्न मला सुचलाच नव्हता.

“सगळं लाव. पयल्यापासनं.”

आम्ही पूर्ण फिल्म पाहिली. कैद्यांचा व्हॉलीबॉल, पत्रवाचन, मग भटारखाना. कॅमेरा वाफाळत्या डेगीवर होता. तिच्या मागे, भिंतीला टेकून, फोकसच्या बाहेर कोणीतरी बसले होते. मी फ्रेम थांबवली. डोक्यावर खोळ होती. भिंतीवरून डोकावणारे झाड ब्लँकेटवाटपाच्या दृश्यातलेच, पण तिथे ते पानांनी भरलेले होते आणि इथे निष्पर्ण.

“आजी, हा दिवस वेगळा आहे. ऋतूही वेगळा. आधीचा की नंतरचा, ते मला सांगता येत नाही. पण कॅमेरा त्यांच्याकडे नव्हता, तेव्हाही पांघरूण त्यांच्याजवळ होतं.”

“अण्णाच हायती का पर त्ये?” महादेवकाकांनी विचारले.

“सिद्ध करता येणार नाही, काका. मोठं केलं तर नुसते फिल्मचे दाणे दिसतात.”

सोजरबाई कितीतरी वेळ त्या धूसर आकृतीकडे पाहत राहिल्या. मग पदराने डोळे पुसले. “दाणे तर दाणे. थंडीत उघडा न्हवता, एवढं तर कळलं.”

“आणि महोत्सवाचं?”

“रांगेतलं दावनार असतील तर म्या येत न्हाय. म्या वर चडले की लोक म्हंतील, सगळं खरं हाय. ह्ये भिंतीपसलं दावा म्हनावं. मग येते, आन् आभारबी मानते. त्ये त्येनी दावायला न्हवतं दिल्यालं.”

आयोजकांनी नकार दिला. ‘अस्पष्ट फ्रेममधून प्रेक्षकांपर्यंत काही पोहोचत नाही,’ असे त्यांचे म्हणणे. उद्घाटनाला ब्लँकेटवाटपच दाखवले, सोजरबाईंशिवाय. टाळ्या चांगल्या पडल्या. संग्रहातल्या प्रतीसोबत सीन रचलेला असल्याची माझी तांत्रिक टीप मात्र सरांनी एकही शब्द न वगळता जोडली. पुढचा मोठा प्रकल्प दुसऱ्या सहकाऱ्याला मिळाला.

त्या भटारखान्याच्या फ्रेमची एक प्रिंट मी तेरला पोहोचवली. महादेवकाकांनी ती देव्हाऱ्याशेजारी लावली आहे. पाहुणे विचारतात, यात दिसतंय काय? सोजरबाई बोट ठेवून दाखवतात.

असा प्रचारपट आला की मी आता कॅमेरा जिकडे रोखलेला असतो ती बाजू शेवटी तपासते. तिथली प्रत्येक गोष्ट कोणीतरी ठेवलेली असते. माहिती मिळालीच, तर ती बहुधा फोकसच्या बाहेर मिळते, आणि तीही पुराव्याला पुरेल इतकी क्वचितच असते.