पागोट्याची घडी

सदाशिवनाना गेल्याचं मला जळगावच्या बस स्टँडवर कळलं. धुळ्याच्या गाडीतून उतरलेल्या ओळखीच्या व्यापाऱ्यानं सामान खाली ठेवता ठेवता सांगितलं. मी बाकावर बसून राहिलो. शाळेत जायचं होतं, पण उठवेना... या वयात माणसं जातात त्याचं आश्चर्य वाटत नाही, नुसता शीण येतो.

नानांचा धुळ्यात फोटो स्टुडिओ होता. मी शाळामास्तर, जळगावच्या एका साप्ताहिकासाठी लिहीत असे. काही घडलं की मी लिहायचं आणि नानांनी फोटो काढायचे, असं कित्येक वर्षं चाललं. एका दुष्काळाच्या साली शिंदखेड्याकडच्या एका खेड्यात विहीर खोल करताना दरड कोसळली आणि एक तरुण शेतकरी आत गाडला गेला. आम्ही पोचलो तेव्हा त्याची बायको, सखूबाई, विहिरीच्या काठावर बसली होती. सकाळपासून नवऱ्याला हाका मारून तिचा आवाज पार बसला होता. ओठ हलत, शब्द फुटत नव्हता. नवऱ्यानं उतरताना काठावर ठेवलेलं पागोटं तिनं उचललं, धूळ झटकली आणि त्याची घडी घालू लागली. नानांनी नेमका तेव्हाच फोटो घेतला.

फोटो पहिल्या पानावर छापला, माझा मजकूर आत गेला. गावात वाचणारे थोडेच, फोटो मात्र घरोघर फिरला. त्यात सखूबाईचे डोळे कोरडे होते आणि चेहरा असा शांत, जणू वाळलेलं धुणं आवरतेय. नवरा मेला तरी हिच्या डोळ्याला पाणी नाही, असं भावकीत सुरू झालं. तिचं लेकरू ठेवून घ्यायचं आणि हिला माहेरी घालवायचं, इथवर गोष्ट आली. हे नानांच्या कानावर आलं तेव्हा ते स्टुडिओ बंद करून जळगावला माझ्याकडे आले. म्हणाले, "मास्तर, फोटो खोटा नाही. पण आता तुमचं लिहिलेलं घेऊन चला."

सखूबाईच्या सासऱ्याच्या ओट्यावर भावकी बसली होती. मजकूर मी वाचायला घेतला, तर नानांनी अंक माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचला, हळू, अडखळत. हाका मारून तिचा आवाज बसल्याची ओळ आली तेव्हा म्हातारा सासरा मान खाली घालून बोलला, "खरं शे. मी सोता आयकं व्हतं. फोटो दखीसन इसरी गऊ."

तिच्या हाका त्यानं स्वतः ऐकल्या होत्या, फोटो पाहून तोच विसरला होता. भावकी ओट्यावरून उठली. सखूबाई त्या घरातच राहिली.

मला वाटलं, आता नाना तो फोटो कधी बाहेर काढणार नाहीत. पण काही महिन्यांनी सखूबाईच धुळ्याला आली आणि तिनं त्याची प्रत मागितली. नाना कचरले. या फोटोनं तुला किती त्रास झाला, त्यापेक्षा मास्तरांचा कागद जपून ठेव, असं त्यांनी तिला समजावून पाहिलं. ती म्हणाली, "माले वाचता येत नही, नाना. ह्याम्हा त्यासनं पागोटं शे." पागोटं नवऱ्याबरोबरच जळालं होतं... नानांनी फोटो करून दिला. मी तिथंच होतो. माझ्या मजकुरानं तिचं घर राखलं, पण त्यात तिला हात लावावा असं काही नव्हतं. त्यानंतर फोटो खरा की लिहिलेलं खरं, हा आमचा जुना वाद आम्ही पुन्हा घातला नाही. दोघंही थकलो होतो.

दिवसकार्य झाल्यावर धुळ्याला गेलो. स्टुडिओच्या भिंतीवर नानांचा हार घातलेला फोटो होता, कुणा नवख्या फोटोग्राफरनं काढलेला, ताठ मानेचा. त्यात मला नाना सापडले नाहीत. नानांवर मी काही लिहावं असं वहिनी, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या. मी नुसता हो म्हणालो. तेवढ्यात एक म्हातारा दारात आला. त्याला नाना गेल्याचं माहीत नव्हतं, फोटो काढायचा होता. सखूबाईच्या त्या प्रकारानंतर नाना कुणाचाही फोटो लगेच काढत नसत. आधी बसवत, पाणी देत, घरचं विचारत, मग कॅमेऱ्याकडे वळत.  वहिनींनी माठातून तांब्या भरला आणि म्हाताऱ्यापुढे ठेवला.

"बसा," त्या म्हणाल्या. "आधी पाणी प्या. कोणत्या गावचे?"