अर्जदार क्रमांक दोन

वाळूच्या केसमध्ये तिघं असतात: ट्रॅक्टरचा मालक, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर आणि वकील. यातल्या दोघांचं सहसा काही वाईट होत नाही. मी हिंगोलीत वकिली करतो.

हा ड्रायव्हर पुसेगावकडचा, तिशी ओलांडलेला. कयाधू नदीतून भरलेली ट्रॉली घेऊन निघाला आणि तलाठ्यानं अडवला. पावती नव्हती. वाळूचोरीचा गुन्हा दाखल झाला, त्याच्यावर आणि मालकावर. मालक त्या वेळी मोंढ्यात हळद विकत होता. ट्रॉली भरायला त्यानंच पाठवलं होतं, हे त्यानं मला पहिल्याच भेटीत हसत हसत सांगितलं होतं.

ड्रायव्हरला घाई होती. एका सरकारी कार्यालयात चालकाच्या जागेसाठी त्याचं नाव निवड यादीत आलं होतं आणि पोलिसांची चारित्र्य पडताळणी तेवढी बाकी होती. गुन्हा राहिला की नोकरी गेली.

"साहेब, जलमभर लोकाचं ट्रॅक्टर हाकून राहिलो. आत्ता कुठं नंबर लागला. एवढं पुसून टाका."

मी त्याला समजावलं, की गुन्हा मुळातूनच रद्द करायचा अधिकार उच्च न्यायालयाला असतो. खटला चालायची वाट पाहावी लागत नाही. दोघांचा मिळून एकच अर्ज करू. मालक अर्जदार क्रमांक एक, तू क्रमांक दोन. तो खूश झाला. पोलिसांतली फिर्याद वगळता मालकाच्या शेजारी त्याचं नाव आजवर कुठल्याच कागदावर आलं नव्हतं.

सुनावणीच्या दिवशी तो सकाळपासून माझ्या ऑफिसात येऊन बसला. मालक आला नाही. अशा लोकांना यावं लागत नाही. दुपारी उच्च न्यायालयाच्या खंडपीठातल्या आमच्या वकिलाचा फोन आला.

"मालक जागेवर नव्हता, त्याचं नाव मोघम आहे, त्याचं होऊन जाईल. पण ड्रायव्हर ट्रॉलीसकट सापडलाय. कोर्ट तयार नाही. त्याच्यासाठी ताणलं तर मालकाचंही बिघडेल. त्याचा अर्ज मागे घेऊ? पटकन सांगा."

ड्रायव्हर समोरच्या बाकावर होता. त्याला विचारायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. फी मालकाची होती.

"घ्या," मी म्हणालो.

"काय झालं, साहेब?"

"चालू आहे."

मला वाईट वाटलं नाही. राग आला, तोही त्याचाच. इतक्या विश्वासानं कोणी तोंडाकडे बघत बसलं की मला चीड येते.

आदेश आला तेव्हा मीच तो त्याला वाचून दाखवला. मालकाविरुद्धचा गुन्हा रद्द. मग एक ओळ: अर्जदार क्रमांक दोनने आपला अर्ज मागे घेतला आहे.

"म्या कव्हा घेतला? मी तर हितंच बसून होतो."

"वकिलानं घेतला म्हणजे तूच घेतलास. वकीलपत्रावर सही कोणाची आहे?"

मी फाइल पुढे सरकवली. त्यानं सहीवर बोट ठेवलं. "माझीच हाय," म्हणाला, आणि मला नमस्कार करून गेला. नोकरी यादीतल्या पुढच्या माणसाला मिळाली.

पंधरा दिवसांनी मालक औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेऊन प्रसाद द्यायला आला. बाहेर त्याची जीप उभी होती आणि ड्रायव्हर फडक्यानं काच पुसत होता.

"वकीलसाहेब, एक इचारायचं व्हतं," मालक म्हणाला. "माझ्यावर आता काही न्हाई. पण याच्यावर केस चालूच हाय. असा माणूस कामावर ठेवला तर उद्या मला तकलीफ तर न्हाई ना?"

मी प्रसाद तोंडात टाकला. सल्ला विचारला होता आणि त्याचं उत्तर मला येत होतं.

"ठेवू नका."

"मग आत्ताच सांगून टाकतो," म्हणत तो उठला.

"घरी पोचल्यावर सांगा," मी म्हणालो. "तुम्हाला गाडी चालवता येत नाही."