हिसके देणारी गाडी अन् लेकराचं जावळ

आमच्या ह्यायनं ती मोठी गाडी आणली तवा माह्या लेकराले नुकतेच दात येऊन राह्यले होते. लांब पल्ल्याची मोटरसायकल हाये म्हणे. दोन्ही बाजूले पेट्या, समोर काच, अन् टाकी अशी फुगलेली जशी गाभण म्हैस. घेतली जुनीच, पण पुसून पुसून नवी केली. ह्यायले तिच्यावर लदाखले जायाचं होतं. मले आमच्या गावातून, उंद्रीतून, चिखलीले जायाची भीती वाटे.

काऊन की ती गाडी हिसके देये. मूठ जराशी पिळली की अशी उसळे जशी बैलाले मागून कोणं पराणी टोचली, अन् मूठ सोडली की अशी अडे की माहं कपाळ ह्यायच्या हेल्मेटवर ठक्क. मोठ्या रोडवर लोण्यावाणी पळे. पण गावात हळू चालवायची असली, गतिरोधक आला, शेळ्या आल्या, का तिच्या अंगात आलंच.

अन् गावातच मले ह्यायले धरता येत नाई. आमच्या इकडे सुनेनं गाडीवर एका बाजूनं बसायचं, डोक्यावर पदर, नवराबायकोच्या मधात वीतभर जागा, अन् हात मागच्या लोखंडी दांडीले. नवऱ्याले हात लावायचा तो येशीबाहेरचा मारुती गेल्यावर. माह्या सासूबाईचा, म्हणजे आत्याबाईचा, ह्या रीतीवर लय जोर. गावातली म्हातारी माणसं ओट्यावर बसून हेच पाहत राह्यतात का कोणाची सून कुठं धरून बसली.

तं एकदा असंच वीतभर जागा सोडून बसली होती. बरं झालं, लेकरू घरी होतं. गतिरोधकावर गाडीनं हिसका देला अन् मी सरळ कोणाच्या तरी कुटाराच्या, ढोरायच्या भुशाच्या, ढिगात. लागलं काईच नाई, पण हे थांबलेच नाई! बोलत बोलत पुढं गेले, मी मागं हाये समजून. फाट्यावर एका आजोबानं आवाज देला, "काय बे, बायको कुठं सांडून आला?"

वापस आले तवा मी डोक्यातून कुटार काढून राह्यली होती. म्हणे, "तू सांगतलं काऊन नाई पडली म्हणून?"

आता पडता पडता माणूस काय काय सांगन!

मंग ह्यायनं गाडी चिखलीच्या मिस्तरी चाचाले दाखवली. मीबी गेली, डॉक्टरकडे पेशंटची बायको जाते तशी. चाचानं गाडी पाह्यली, साखळी हलवून पाह्यली अन् म्हणे, "भाऊ, हिच्या मुठीले तारच नाई."

मी लगेच म्हटलं, "तार तुटली का चाचा?"

"तुटली नाई बेटा, राह्यतच नाई. मूठ पिळली की ते वायरीतून आतल्या कॉम्प्युटरले समजते, अन् इंजिनाले किती पेट्रोल द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवते."

म्हणजे इतके दिवस मी समजत होती का गाडी हे चालवतात. अन् चालवून राह्यला होता कोणी तिसराच, जो मले दिसतबी नाई अन् ज्याले माहं लेकरूबी माहीत नाई.

चाचानं साखळी नीट केली, एक बटन दाखवलं. पावसात चालवाचं बटन. ते दाबलं की गाडी नरम पडते. मंग म्हणे, "अन् भाऊ, आर्धा हिसका तुमचा हाये. गाडी हलली की तुमचा हात हलते, हात हलला की मूठ पिळते, मूठ पिळली की गाडी अजून हलते. कोपर पोटाले चिकटवून ठेवत जा."

ह्यायले ते आवडलं नाई. मोठी गाडी अन् कोपर पोटाले चिकटवून बसाचं, जसं थंडी वाजून राह्यली! घरी आल्यावर आत्याबाईबी म्हणे, "आभाळात ढग नाई अन् पावसाचं बटन काऊन दाबायचं? उगाच खराब होईन."

झालं. बटनबी बंद अन् कोपरबी मोकळं.

अन् तेवढ्यात जावळाचा दिवस आला. लेकराचं जावळ देऊळगाव राजाले बालाजीपाशी काढायचं ठरलं होतं. माहा भाऊ, लेकराचा मामा, लोणारहून तिथं येणार होता, काऊन की जावळ मामाच्याच मांडीवर काढतात. पाहुण्यायसाठी जीप केली. पण जीपमदे मले उलट्या होतात अन् ह्यायले गाडी दाखवायची होती, म्हणून ठरलं, आम्ही तिघं गाडीवर.

मी त्या दिवशी जेवलीच नाई. मले एकच दिसे, हिसका बसला अन् लेकरू हातातून सुटलं. मी पडली तं कुटार हाये, लेकरू पडलं तं काय हाये? लेकराले जुन्या लुगड्यानं पोटाशी बांधलं, गाठीवर गाठ मारली. नणंद म्हणे, "वयनी, जावळाले चालली का लढाईले?"

निघालो. पुढं आम्ही, मागं जीप. जीपच्या खिडकीत आत्याबाई, अन् तिच्या मागं साऱ्या मावश्या अन् काकू. घरापुढच्या बोळातच गाडीनं पहिला हिसका देला. माहा हात आपोआप दांडीवरून सुटला अन् ह्यायचं उजवं कोपर धरलं, गच्च, पोटाले दाबून. ओट्यावरचे सारे म्हातारे पाहाले लागले.

मागून जीपमधून आवाज, "अवं हात! हात काढ, बाई, लोक पाहून राह्यले!"

मी काढला. काढला अन् समोर गतिरोधक. गाडी उसळली, अडली, परत उसळली, लेकराचं डोकं माह्या छातीवर आपटलं अन् त्यानं असं भोकाड पसरलं का म्हातारे उठून उभे राह्यले. मंग मले काईच सुचलं नाई. म्हातारे नाई, रीत नाई, मागची जीप नाई. मी ते कोपर परत धरलं अन् ह्यायच्या बरगडीत असं रुतवलं का हे ओरडले, "अवं, हात मोडतं का माहा!"

"मोडला तं मोडू द्या," म्हटलं, "मूठ नका हलवू!"

अन् गाडी, देवाशपथ, गाईवाणी चालाले लागली. पुढचा गतिरोधक गेला. शेळ्या गेल्या. मारुती गेला. मागून हात-हात म्हणून आवाजच नाई. मी मान वळवून पाह्यलं नाई, मान वळवायची हिंमतच नव्हती. चिखलीच्या बाजारात गर्दी होती, तिथंबी एक हिसका नाई. लेकरू रडता रडता झोपून गेलं.

देऊळगावले मंदिरापाशी गाडी थांबली. माहा भाऊ धावत आला, "ताई, उतर की!"

उतरू कशी? माही बोटंच उघडेनात. ह्यायनं ओढून पाह्यलं, भावानं ओढून पाह्यलं, साऱ्या पाहुण्यायच्या समोर मी नवऱ्याच्या कोपराले चिकटलेली. लाजनं मरून राह्यली होती, पण बोटं ऐकतच नव्हती.

तेवढ्यात जीपमधून आत्याबाई उतरली. आता काय बोलते म्हणून मी डोळे मिटून घेतले. तिनं आधी लुगड्यात हात घालून लेकराच्या छातीवर ठेवला, श्वास पाह्यला. मंग माह्याजवळ येऊन एक एक बोट सोडवाले लागली, जसं शेंगेतून दाणे काढतात.

"सोड आता, बाई," म्हणे, "पोचलं लेकरू."