गुरुवारचा सर्व्हर

अंबडच्या आमच्या पतसंस्थेत एकच एसी होता आणि तो माणसांसाठी नव्हता. कॉम्प्युटर आले त्या वर्षी साहेबांनी कोपऱ्यात काचेची केबिन करून घेतली, तिच्यात सर्व्हर ठेवला आणि त्याच्याजवळ बसायला जाफराबादहून आलेली एक नवी मुलगी नेमली. मी संस्थेत पहिल्या दिवसापासून होते. कॉम्प्युटरचा कोर्स मीही केला होता, जालन्याला एसटीने जाऊन-येऊन. तरी ती आत आणि मी बाहेर काउंटरवर, कुरकुरणाऱ्या पंख्याखाली. मे महिन्यात माझी साडी पाठीला चिकटायची आणि ती आत ओढणी लपेटून बसायची. सांगायला लाज कशाला, माझा नुसता जळफळाट व्हायचा.

तिचं सगळंच कौतुकाचं. सर्व्हरवर धूळ बसू नये म्हणून तिने जाड लोकरीचं कव्हर विणून आणलं, मोरपंखी रंगाचं, खाली झालर. घरोघरी टीव्हीला असतं तसंच. सकाळी काम सुरू करताना ती ते काढून घडी घालून ठेवायची. साहेब आल्यागेल्याला ती घडी उलगडून दाखवायचे. मला विणकाम कधी धड जमलं नाही, हे नेमकं तेव्हाच आठवायचं.

उन्हाळा तापला आणि सर्व्हर दुपारी आपोआप बंद पडू लागला. तो बंद पडला की काउंटरवरचे कॉम्प्युटर जागच्या जागी अडकायचे आणि खेड्यांतून आलेली माणसं माझ्यावर खेकसायची, तिच्यावर नाही. लाइटचा दोष असेल म्हणून वायरमनने वायरिंग तपासलं, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतलं, यूपीएस बदलला. काही फरक पडला नाही. फक्त गुरुवारी मशीन दिवसभर बिनतक्रार चालायचं. त्यावरून साहेबांनी ठरवलं की वारातच काहीतरी आहे, आणि रोज सकाळी सर्व्हरपुढे उदबत्ती सुरू झाली. उदबत्तीचाही उपयोग होईना, तेव्हा ते वैतागून म्हणाले की आता असंच चाललं तर हिला काउंटरवर बसवतो आणि केबिन तुम्हाला देतो. तिचा चेहरा उतरला. मला त्या दिवशी घरची साधी आमटीसुद्धा गोड लागली.

पण नुसती केबिन मला पुरणार नव्हती. तिचं चुकतंय कुठे, ते सगळ्यांसमोर मला दाखवायचं होतं. आणि त्या काचेकडे माझ्याइतकं कोणी बघत नव्हतं. दुपारी ती काम थांबवून डबा उघडायची, तेवढ्यातच शिपाई केबिनमध्ये झाडू मारून घ्यायचा. धूळ उडते म्हणून ती आधी उठून सर्व्हरवर कव्हर घालायची, मागून पार खालपर्यंत ओढायची. जेवण झालं की कामाला लागायची आणि कव्हर तसंच राहायचं. थोड्या वेळाने मशीन बंद. गुरुवारी मात्र कव्हर घडीतच पडलेलं असायचं.

हे ध्यानात आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सर्व्हर बंद पडताच मी साहेबांना घेऊन आत गेले. कव्हर उचललं आणि मशीनच्या पाठीला हात लावायला सांगितलं. तव्यावरून काढावा तसा त्यांनी हात मागे घेतला.

"गुरुवारी हिला उपास असतो साहेब. डबा न्हाई, म्हणून झाडू न्हाई, कव्हर न्हाई. मंग मशीन बी बंद पडत न्हाई."

ती बिचारी खाली बघत उभी राहिली. साहेबांनी औरंगाबादच्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, मागून गरम हवा बाहेर पडते, तिची वाट बंद झाली की मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. एसीचं तोंडही खुर्चीकडे नको, मशीनकडे करा. आणि त्या खोलीत जेवण नको, झाडू नको, कोणी बसायलाच नको.

केबिनला कुलूप लागलं. किल्ली साहेबांच्या खिशात गेली. सर्व्हर एकटा गारव्यात बसला आणि तिचं टेबल माझ्या शेजारी आलं, त्याच पंख्याखाली. तिच्या कपाळावरचा घाम बघून मला बरं वाटलं. दुपारी तिने डबा उघडला आणि दोघींच्या मधे सरकवला.

"ताई, तुम्ही रोज काचंतून माझ्याकडं बघायच्या. मला लई वाटायचं, तुम्हाला आत जेवायला बोलवावं. पण तुमची भीती वाटायची."

मी भाकरी मोडली, ठेच्याला लावली आणि तोंडात टाकली. ठेचासुद्धा माझ्यापेक्षा तिचाच चांगला होता.