सोनूच्या केकमधे गहू कुणी घातला?

गेल्या महिन्यात धसईला ताईकडे गेलो होतो, भाचीच्या वाढदिवसाला. केक खाल्ला, फुगे फोडले... आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चोर ठरलो.

भाची म्हणजे सोनू, आठ वर्षांची. तिला गहू चालत नाय. कल्याणच्या डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं, सिलियाक. चपाती, पाव, रवा, मैदा, बिस्किट... सगळं जन्मभर बंद. चिमूटभर जरी पोटात गेलं तरी पोट फुगतं, ओकाऱ्या होतात, आतडी खराब होतात.

आपल्याकडे तांदळाची भाकरी असते म्हणून जेवणाचं निभावतं. पण वाढदिवसाला भाकरीवर मेणबत्ती कोण लावणार? म्हणून ताई तांदळाच्या पिठाचा केक शिकली. कुकरात खाली मीठ पसरून, शिटी काढून. पयला केक सुरी लावली की रेतीसारखा सांडला... तांदूळ धरतच नाय. मग तिने पिकलेलं केळं कुस्करून घातलं, एक अंडं वाढवलं, तेव्हा कुठं तुकडा पडला.

वाढदिवसाचा केक तर एकदम मस्त झाला. सोनूने दोन तुकडे खाल्ले. सकाळी उठली ती पोट धरूनच.

सगळ्यांनी पयलं माझ्याकडं बघितलं. माझं रेकॉर्डच तसं आहे... ताईच्या लग्नात वरातीच्या सरबतात मीठ मीच घातलं होतं.

"खरं सांग पक्या, काय घातलंस त्याच्यात?" ताई बोलली. मी सोनूची शप्पथ घेतली. ताई म्हणते, "तिची शप्पथ नको घेऊस, आधीच आजारी आहे ती."

आता सुटायचं तर दुसरा चोर पकडायला पायजे. मी बेकिंग पावडरच्या डब्यावर संशय घेतला, साखरेच्या बरणीत हात घालून बघितला, शेजारच्या पोरांचे खिसे तपासले. आणि मग काकींच्या खाटेखाली बिस्किटाचा रिकामा पुडा सापडला...

काकी म्हणजे ताईच्या सासूबाई. त्यांना हा आजार पटतच नाय. "गव्हानं कुणाला काय व्हतं गो?" असं त्या डॉक्टरसमोर पण बोलल्या होत्या. मी पुडा नेऊन सरळ ताईच्या हातात दिला.

"अरे, चायमधे बुडवून मीच खाल्ली रे ती! पोरीला नाय दिली!" काकी ओरडत राहिल्या. पण कोण ऐकतो... ताईने तिथंच सांगून टाकलं, आजपासून सोनूला तुमच्या हातचं काय नाय. पाणी पण नाय.

मी सुटलो. जीपमधे बसून शहापूरला येताना गाणी म्हणत आलो, खोटं कशाला बोलू.

पंधरा दिवसांनी परत गेलो. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. आधी सोनू शाळेतून आली की काकीच तिला दूध-भाकरी भरवायच्या. आता ती आली की काकी उठून पडवीत जाऊन बसायच्या. बघून कसंतरी झालं... पण माझा संशय काय गेला नाय. म्हातारी नाटक करते, असंच वाटलं.

सोनू बरी झालेली, वाढदिवस फुकट गेला म्हणून ताई परत केक करणार होती. तिने गिरणीतून दळून आणायला मला तांदळाचा डबा दिला आणि बजावलं, "आपल्या आधी गहू दळलेला नको हां. बघून टाक." वाढदिवसाच्या दळणाला पाठवलं तेव्हा पण हेच बोलली होती.

गिरणीत ही गर्दी! अकराला लोडशेडिंग. माझ्या पुढं एक बाई नाचणी घेऊन. तिचं झालं आणि गिरणीवाल्याने माझा तांदूळ ओतला... तर पीठ आलं लालसर. चांगल्या दोन-तीन मुठी लाल, मग हळूहळू पांढरं.

"ओ दादा, नाचणी घातली का माझ्यात?"

तो हसला. "घातली नाय रे. आधीच्याचं थोडं दगडात राहतंच. नाचणीचं दिसतं, गव्हाचं दिसत नाय."

मला वाढदिवसाचं दळण आठवलं. मागच्या वेळी माझी क्रिकेटची मॅच होती. घरी पेशंट आहे असं ठोकून मी लाइनीत मधे घुसलो होतो... एका बाबांच्या गव्हाच्या बरोबर मागं. ताईचं सांगणं मला उगाच किटकिट वाटलं होतं.

म्हणजे सगळ्यांनी पयलं ज्याच्याकडं बघितलं, चोर तोच निघाला.

घरी जाऊन दोघींना समोर बसवून सांगितलं. ताई बोलली, "ही नवीन काय मस्करी?" मी डबा परातीत उपडा करून तळाचं लाल पीठ दाखवलं. तिने ते चिमटीत धरून उजेडात बघितलं.

काकींनी मला दोन शिव्या दिल्या, त्या इथं लिहीत नाय. मग म्हणाल्या, "पुडा सापडला तवा मलाच येऊन इचारायचंस ना रे मेल्या."

खरंच. पोरांचे खिसे तपासले, पण काकींना एकदा पण विचारलं नव्हतं.

गिरणीचं पीठ आमच्या भाकरीला गेलं. काकींनी तांदूळ धुतले, फडक्यावर सुकवले, मिक्सरला लावून तीनदा चाळले. मधेच पुटपुटत होत्या, गव्हानं काय व्हत नाय म्हणून... पण मिक्सरचं भांडं घासताना मला हात लावू दिला नाय.

केक झाला. ताईने पयला तुकडा कापून बशी काकींपुढं धरली. "तुमीच भरवा, आई."

काकी उठल्या, हात धुऊन आल्या. सोनूजवळ बसल्या... परत उठल्या, आणि साबण लावून परत हात धुऊन आल्या. मग भरवलं.

दुसऱ्या दिवशी सोनू उड्या मारत शाळेत गेली. मस्करी करणं मी काय सोडणार नाय, उगाच कुणी आशा ठेवू नका. पण त्या दिवशी सोनूचं झाल्यावर काकींनी एक तुकडा माझ्या पण तोंडात कोंबला... मी त्या लायक नव्हतो. थँक्यू, काकी.