पार्कातून हलवलेली अक्का

अक्का गेली त्या दिवशी सगळ्यात आधी फोन आला तो आमच्या लेआउटच्या, म्हणजे कॉलनीच्या, असोसिएशनच्या अध्यक्षांचा. "काकू, व्हेरी सॅड. आपल्या लेआउटची शान गेली हो." मूळचा पुण्याचा, माझ्या मुलाच्या वयाचा माणूस. मी फोनच ठेवला. मेल्या, तूच घालवलीस आणि वर मलाच सांगतोस?

सुमाअक्का माझी नणंद. लग्न केलं नाही, येलहंक्याच्या आमच्याच घरात राहिली आणि आयुष्यभर माझ्याशी भांडली. फोडणीवरून, टीव्हीवरून, कशावरूनही. पत्त्यांत सरळसरळ लबाडी करायची, आणि पकडली की कानडीत शिव्या! पण सकाळी पार्काच्या कोपऱ्यातल्या अंगणवाडीचं दार उघडलं की बाई बदलायची. धुणीभांडी करणाऱ्या बायकांची, बांधकामावरच्या मजुरांची पोरं तिथं यायची. त्यांना गाणी शिकवायची, रंग द्यायची, एकेकाचं वजन करायची. भरलं नाही की आईची कानउघाडणी. पोटुशी बायकाही दुपारी तिथंच जेवायच्या. अध्यक्षांकडे काम करणारी मंजुळा दिवस गेल्यावर पार पांढरीफटक पडली होती. अक्का तिला समोर बसवून अंडं खायला लावायची. "सरी, बरं बाई, नंतर रड. आधी गिळ." पुढं मंजुळाची पोरगी त्याच खोलीत बोलायला शिकली...

त्या अंड्यांचाच वास या असोसिएशनवाल्यांच्या नाकाला झोंबला. पार्काची शोभा जाते, घरांचे भाव पडतात, म्हणून वरपर्यंत खटपटी केल्या आणि अंगणवाडी मोठ्या रस्त्यापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये घालवली. ट्रकांच्या त्या रस्त्यावरून चिमुरडी कशी जाणार? अक्का दोघादोघांना हाताला धरून पलीकडे सोडायची, परत यायची, पुन्हा न्यायची. "अगं, हे वय आहे का तुझं?" म्हटलं तर म्हणाली, "वहिनी, मी नाही नेलं तर पोरं यायची बंद होतील. त्यांना तेच हवंय." एका उन्हाळ्यात निम्मी झाली. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी म्हणते, अध्यक्ष.

तेराव्यानंतर क्लबहाउसमध्ये शोकसभा ठेवली यांनी. फोटो, हार, समोसे. "अक्का म्हणजे सेवेचा झरा," अध्यक्ष माईकवर. माझं डोकंच फिरलं. उठले, सगळ्यांदेखत फोटो काखेत मारला आणि चालू पडले. दुसऱ्याच दिवशी खात्याच्या सुपरवायझरबाईंना गाठून म्हटलं, अंगणवाडीला माझा पुढचा हॉल घ्या. अध्यक्षांच्या घराला अगदी लागून आहे तो.

आता रोज सकाळी हॉल पोरांनी भरतो. नवी टीचर आली आहे, मदतीला मंजुळा आहे, अध्यक्षांचं काम सोडून! अंडी माझ्याच गॅसवर उकडतात आणि खिडकी मी मुद्दाम त्यांच्या बाजूची उघडते. लोक म्हणतात, काकू, गेलेल्या माणसासाठी तरी मन मोठं करा. का म्हणून? भांडायला कोणी उरलं नाही, संध्याकाळी घर खायला उठतं... राग तेवढा उरलाय, तो मी सोडणार नाही.

परवा दुपारी अध्यक्ष फाटकाशी येऊन ओरडायला लागले. "काकू, हा रेसिडेन्शियल एरिया आहे! किती दिवस चालणार हे?" मी मागं वळून पाहिलं. सतरंजीवर सगळी ओळीनं झोपली होती, मंजुळाची पोरगी अंगठा चोखत अगदी कडेला. मी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," म्हटलं. "अक्काची मुलं झोपलीत."